गुडघ्यावरचे पाणबुडे

पाणबुड्यांच्या पथकात चार दिवस काढले की किस्से आपोआप साठतात. हसू येतं ते नंतर. त्या वेळी मात्र डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं!

अंदमानात स्कूबा शिकून मी जालन्याला परतले, ते विहिरी-तळ्यांत बुडालेल्यांना शोधणारं पथक घडवायला. वाटलं होतं, माणसं तळाला बोटही न लावता माशासारखी आडवी तरंगतील. पहिल्या दिवशी पूलमध्ये डोकावले, तर अख्खी बॅच तळाशी गुडघे टेकून, ओळीनं. शिक्षा झालेल्या पोरांसारखी!

पथकाचे आधीपासूनचे प्रशिक्षक म्हणजे आमचे सर. त्यांना म्हटलं, "सर, गुडघे टेकले की गाळ उठतो. मग दिसणार काय?"

"बेटा, पूलमध्ये कुठाय गाळ?"

फरशी खरंच लख्ख होती. वाद मी हरले.

*

खाली जायला कमरेला शिशाचं वजन बांधतात, लागेल तेवढंच. आमच्याकडे सळईचे तुकडे! सरांनी स्टील मिलमधून कापून आणलेले. पट्टा बांधून मी उतरले ती थेट तळाला.

"सर, हे फार जड आहे."

"मंग बराबर आहे की! जल्दी खाली जाता येतं."

"आणि वर?"

"वर यायला दोर आहे न!"

*

विष्णूभाऊ भोकरदनचे. विहिरीत बुडी मारून तळातली कळशी काढण्यात पंचक्रोशीत नाव. पहिल्यांदाच सिलिंडर लावून खाली जाऊन आले. मी सिलिंडरचा काटा पाहिला. हवा होती तेवढीच!

"भाऊ, श्वास घेतला नाही?"

"बिलकुल न्हाई, ताई. हवा वाचवली!"

दम कोंडून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. भाऊ अगदी मन लावून ऐकत होते. दम कोंडून.

*

शेवटी मीच करून दाखवलं. तळापासून वीतभर वर, आडवी, निश्चल. पाणबुड्याची खरी परीक्षा हीच, आणि शिकवणाऱ्याची तर सर्वात आधी. वर आले, तर सर काळजीत.

"बेटा, चक्कर आल्ती का? झोपूनच राह्यली!"

*

शेवटची चाचणी अंबडकडच्या एका पाणी भरलेल्या खदानीत. सर्टिफिकेटांवर माझ्या सह्या झाल्या की पथक खऱ्या कामाला जाणार होतं. पोत्यात चिंध्या-दगड भरून, जुना शर्ट चढवून मी एक बाहुला केला आणि स्वतः तळाशी ठेवून आले.

पथक उतरलं. गुडघे टेकले. पाण्याचा चहा झाला! थोड्या वेळानं एकेक डोकं वर आलं. हात रिकामे.

"गाळ बसू द्या, मंग सापडंल," सर म्हणाले.

"आणि खरा माणूस असता तर?"

सगळे काठावर बसले, ओळीनं.

गाळ बसेपर्यंत दुपार कलली. बाहुला मीच वर आणला. त्याला पाहून विष्णूभाऊ एकदम ओरडले, "अरे, हा का? गुडघ्याला मऊ लागलं म्हणून मी सगळा वेळ ह्याच्यावरच बसल्तो!"

सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन जेवले नाही.

सकाळी पूलच्या काठावर सरांनी सर्टिफिकेटं पुढं सरकवली. "कर बेटा सह्या. पोरं थांबलेत."

मी पेनाला टोपण लावलं.

"सर, आधी तुम्ही पाण्यात या. सळयांचा पट्टा इथंच सोडा."