श्रावणातलं क्रिएटिनिन

लिहिणाऱ्यांच्या रांगेत माझं काय काम, हे मलाच पटत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. आजवर लिहिलंय ते परीक्षेचे पेपर आणि ट्यूबवरची नावं. पण आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुझी चूक तूच लिही. दुसऱ्याने लिहिली तर जास्त झोंबेल." म्हणून धीर करतोय. सांभाळून घ्या.

तर दौलतकाकांचा रिपोर्ट माझ्या हातात होता आणि क्रिएटिनिन वर गेलं होतं.

मी धूलकोटचा. बुऱ्हाणपूरला टेक्निशियनचा कोर्स करतो आणि तिथल्याच बुधवारा भागातल्या एका लॅबमध्ये काम करतो. तिथे शुगरच्या पेशंटांचा एक अभ्यास चालू आहे. शुगरमुळे किडनी हळूहळू थकते, पण दुखत-खुपत काही नाही. म्हणून दर काही महिन्यांनी रक्त घ्यायचं आणि कुणाची किडनी पुढे थकणार, याच्या खुणा त्यात शोधायच्या. या खुणांना मार्कर म्हणतात. क्रिएटिनिन हा जुना मार्कर. स्नायूंमध्ये तयार होणारा हा कचरा किडनी बाहेर टाकते. तो रक्तात साचला, की किडनीवर संशय घ्यायचा.

दौलतकाका याच अभ्यासातले पेशंट; तापीकाठचे, केळीच्या बागेवाले. बातमी घरी पोचली आणि काकूंनी त्यांचं केळं खाणं बंद केलं. किडनीवाल्याला केळं चालत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. बागेत जाणंही बंद. काकांचा मला फोन आला, "बेटा, खरं सांग. डायलिसिसच्या मशीनवर जावं लागंल का? बाग कोन पाहील?"

मी रिपोर्ट घेऊन मॅडमकडे गेलो.

मॅडमनी जुने रिपोर्ट काढले. "वर्षभर सरळ रेघ आणि आता एकदम उडी? लघवीची तपासणीपण साफ आहे. फॉर्म दाखव."

फॉर्मवर प्रश्न असतो: काल मांसाहार केला का? शिजवलेलं मांस खाल्लं की क्रिएटिनिन काही तास वाढलेलं दिसतं. उत्तर होतं, नाही.

"विचारलं होतंस ना?"

मी फॉर्मची घडी घालू लागलो.

"अरे, विचारलं की नाही?"

"मॅडम, श्रावण होता. वडीलधाऱ्या माणसाला श्रावणात मटणाचं कसं विचारायचं? मीच टिक केली."

मॅडम हसल्या नाहीत. "जा, आता विचारून ये. पुन्हा रक्तही घे. आणि फ्रीझरमधली त्यांची त्या दिवशीची ट्यूब काढ, सिस्टाटिन-सी करून घेऊ."

हा नवा मार्कर. शरीरातल्या बहुतेक सगळ्या पेशी तो बनवतात; मटणाशी त्याचं देणंघेणं नाही. ती टेस्ट आमच्याकडे होत नाही. ट्यूब बर्फात घालून इंदूरला पाठवली आणि मी काकांच्या गावची बस धरली.

काकू चहा टाकायला आत गेल्या तसं मी विचारलं. काकांनी आधी दाराकडे पाहिलं.

"तूच तर म्हनला होता, रात्री पोटभर जेवून या. मला वाटलं, एवढ्या नळ्या रक्त जानार, तर आधी भरून घ्यावं. बागेत दोस्तासोबत मटन केलं."

"काका, श्रावणात?"

"रक्तासाठी खाल्लं रे, चवीसाठी नाही." मग हळूच, "झालं होतं मात्र फस्क्लास. काकूला बोलू नको."

"परवा-काल काही खाल्लं?"

"कसलं! ती केळं देत नाही, मटन देईल?"

मी हसू दाबून रक्त घेतलं. लॅबमध्ये परतल्यावर मॅडमसमोर जुना फॉर्म दुरुस्त केला, खाली सही केली.

नवं क्रिएटिनिन जुन्या रेघेवर आलं. इंदूरच्या रिपोर्टसाठी मात्र आठवडाभर थांबावं लागलं. तोही नीट आला. मॅडमनी रिपोर्टखाली दोन ओळी लिहिल्या आणि मला बजावलं, "किडनी आज ठीक आहे, पण शुगर सांभाळणं सोडायचं नाही, हे सांग." मी सांगितलं आणि कागद घरी पाठवला.

आता मी माळकऱ्यांनाही तो प्रश्न विचारतो. दोघांनी शिव्या दिल्या. एकाने हो म्हटलं.

कागद पोचला त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. आवाज दबका होता.

"किडनी वाचली रे बेटा. पन मी वाचत नाही. नातीनं काकूला सगळा कागद ऐकवला. खालची मॅडमची मटनाची ओळपन."