समुद्र चमकत नाही त्या संध्याकाळी

सासूबाई गेल्यावर नवऱ्याने आपल्या बाबांना डोंबिवलीहून मस्कतला आणलं आणि आठवड्याभरात स्वतः लांबच्या दुक्म बंदरातल्या प्रोजेक्टवर चालता झाला. मदिनत सुलतान काबूस भागातल्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि सासरे. बाबा कुणाला त्रास न देण्यात इतके पटाईत, की त्यांच्याशी भांडायचीही सोय नाही. महाशिवरात्रीनंतरचं परतीचं तिकीट त्यांनी आल्या आल्याच काढून ठेवलं होतं. व्हिसा उन्हाळ्यापर्यंत होता, पण ऐकतंय कोण! तिकडे त्या रिकाम्या घरात एकटे काय करणार, असं विचारलं की म्हणायचे, बघू.

माझं काम समुद्राचं. हिवाळ्यात इथल्या समुद्रात प्लँक्टन नावाचा एक बारीक तरंगता जीव वाढतो. दिवसा पाण्यावर हिरवी साय धरल्यासारखी दिसते आणि अंधार पडला की लाट फुटेल तिथे निळा उजेड होतो. हा उजेड कधी, कुठे, कुठल्या वाऱ्याने किनाऱ्याला लागतो, ते आमच्या लॅबमध्ये आम्ही शोधत होतो. लांबची हिरवळ उपग्रहाच्या फोटोत दिसते, पण ती किनाऱ्याला पोचली की नाही, हे माणसानेच जाऊन बघावं लागतं. म्हणून ठिकठिकाणी ओळखीची माणसं नेमली होती. मगरिबच्या नमाजानंतर पुरता अंधार पडला की पाण्यात उतरायचं, पाय हलवून बघायचं आणि दिसलं की नाही ते व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचं, बस. दुक्म नवऱ्याकडे होतं. त्याचा मेसेज ठरलेला, ‘काही नाही, खलास.’ संसारातही तो एवढंच बोलतो.

घराजवळचा कुरुमचा किनारा बाबांना दिला. म्हटलं, निदान घराबाहेर तरी पडतील. शेजारचे वसईचे अंकल तिथल्याच हॉटेलात संध्याकाळच्या शिफ्टला जाताना त्यांना सोडायचे. मी त्या वेळी सीबच्या किनाऱ्याला पाण्यात उभी असायचे, परतताना त्यांना गाडीत घ्यायचे.

आणि काय सांगू, बाकी सगळीकडे काळं पाणी आणि कुरुमला रोज दिवाळी. ‘थोडं दिसलं.’ ‘आज छान होतं.’ मी हरखून गेले. मी घ्यायला पोचेपर्यंत मात्र ते विझलेलं असायचं, असं बाबा सांगायचे. सकाळी तिथलं बादलीभर पाणी आणून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे, तर त्यात काही म्हणता काही नाही. येऊन गेलं असेल, अशी मीच माझी समजूत घालायचे.

एक दिवस कणकण होती म्हणून सीबला सहकाऱ्याला पाठवून मी घरी आले. गुडघा धरल्यामुळे बाबा कुरुमला गेलेच नव्हते. दाराकडे पाठ करून मालिका बघत बसले होते. मी चपला काढतेय तोच माझा फोन वाजला. ‘आज बऱ्यापैकी चमकलं.’ पाठवणारे समोर सोफ्यावर!

माझं डोकंच सटकलं. एवढी मेहनत मातीमोल केलीत, हा काय पोरखेळ वाटला का, असं नाही नाही ते बोलले. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला.

"तू रोज तोंड पाडून घरी येतेस," ते म्हणाले. "दिसलं म्हटलं की दोन घास नीट जेवतेस."

माझ्या जेवणाकडे इतकं लक्ष तर माझ्या आईनेही कधी दिलं नव्हतं. पण लॅबच्या साहेबांना सांगणं भाग होतं. ते म्हणाले, कुरुमच्या सगळ्या नोंदी काढून टाका, त्यातलं खरं काय नि खोटं काय कसं कळणार? बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, बरंच झालं, नाहीतरी मी निघणारच आहे. आणि त्यांनी माळ्यावरची बॅग खाली काढली.

ती बॅग दोन दिवस हॉलमध्ये तशीच पडून होती. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता त्यांनी विचारलं, रोज ‘काही नाही’ कळवून तुला मिळतं तरी काय? मी म्हटलं, बाबा, आलं तेवढंच टिपलं तर उरलेल्या दिवशी का नाही आलं हे कधीच कळणार नाही. ‘नाही’ मला तितकंच हवंय. बाबांची सगळी नोकरी पाणी खात्यात गेलेली. ते खो खो हसायला लागले. म्हणाले, आमच्याकडे पाणी नाही आलं की लोक बोंबलायचे, आलं तर कुणी फोन करत नसे. तुमचं सगळं उलटंच आहे.

त्या संध्याकाळी ते अंकलच्या गाडीत पुन्हा जाऊन बसले. मग काय विचारता, त्यांना ‘नाही’ची चटकच लागली. ‘नाही. वारा जमिनीकडून.’ ‘नाही. चंद्र डोक्यावर आहे, असलं तरी मला दिसणार नाही.’ एवढं नीट तर आमच्या लॅबमध्येही कोणी कळवत नव्हतं. साहेबांना दाखवलं, तर ते म्हणाले, ठीक आहे, आतापासूनच्या नोंदी ठेवू. तिकिटाचा विषय मात्र बाबांनी काढला नाही आणि मलाही धीर झाला नाही.

शिवरात्रीला दोघांचाही उपास होता. सीबला पाणी काळं ठिक्कर, मी परत निघायच्या बेतात होते. तेवढ्यात बाबांचा फोन आला, मेसेज नाही.

"आहे," ते म्हणाले. "आणि हे तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये."

मी गाडी कशी हाणली ते माझं मला माहीत. कुरुमला दिव्यांपासून लांबच्या अंधाऱ्या टोकाला बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते आणि लाट फुटली की त्यांच्या पायांशी निळा उजेड पसरत होता. मी बाटलीत पाणी भरून घेतलं आणि मला रडूच फुटलं. बाबा म्हणाले, ही असती तर साडी खोचून सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरली असती. सासूबाई गेल्यापासून त्यांचं नाव काढून हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

बराच वेळ ते पाय हलवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मी गेल्यावर इथे कोण बघणार?"

"कोणी नाही," मी म्हटलं. आणि हे अगदी खरं होतं.

"मग ते तिकीट रद्द कर," बाबा म्हणाले आणि आणखी दोन पावलं आत गेले.