परवान्यावाचून राहिलेली नाव

दादा गेल्याची बातमी मला नदीपलीकडून ओरडून सांगितली गेली. श्रावण संपत आला होता आणि पैनगंगा दोन्ही थड्या भरून चालली होती. मी या काठाला, मोगलाईतल्या माझ्या सासरच्या गावात. दादाचं घर समोरच्या काठाला, इंग्रजी वऱ्हाडात. डोंगा चालवणारा सखाराम भोई पलीकडच्या दरडीवर उभा राहून दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडत होता, "किसनराव गेले..." मला वाटलं, तालुक्याला गेले, पुन्हा कचेरीत. मी इकडून विचारलं, "कवा येतीन म्हणे?" सखारामनं डोक्याचं पागोटं काढलं आणि हातात धरून तसाच उभा राहिला. मग मला कळलं.

सखारामचा लाकडाचा डोंगा त्या पाण्यात घालायची सोयच नव्हती. दुपारी दादाला समोरच्या काठावर आणलं. माणसांची तोंडं दिसत नव्हती, चालीवरून मी एकेक ओळखत होते. मी इकडे ओल्या मातीत बसून धूर विझेपर्यंत पाहत राहिले. सख्खी बहीण, आणि त्याच्या तोंडात तुळशीचं पान घालायला एवढीशी नदी ओलांडता आली नाही. आता सहा आठवडे झाले. रडून झालं. राग मात्र जात नाही, आणि तो कोणावर धरावा हेही समजत नाही.

दादा मंगरूळपीरच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. मागच्या मोठ्या लढाईत त्याला लष्कराच्या इस्पितळाबरोबर विलायतेला नेलं. समुद्राकाठच्या एका गावात जखमी हिंदी शिपायांची मलमपट्टी तो करायचा. एकदा अर्ध्या दिवसाची सुटी मिळाली, तेव्हा तो धक्क्यावरून एका लहानशा आगबोटीत बसला. खाडीच्या पलीकडे दुसरं गाव होतं. जेमतेम दहा मिनिटांचा प्रवास. पुढं आयुष्यभर तो त्या दहा मिनिटांबद्दल बोलला. लढाईबद्दल मात्र कधी बोलला नाही. "घंटा झाली का नाव निघे, यमू," तो मला सांगायचा. "पाच माणसं असो का पन्नास. टोपीवाला सायेब, मासोळ्यांची टोपली घेतलेली बाई अन् मी, एकाच बाकावर. माह्याजवळ एक म्हातारी बसली होती. भावाच्या घरी चहाले चालली होती... अन् दिवस मावळायच्या आत घरी." तो विलायतेत असतानाच माझं लग्न नदीपलीकडे लावून दिलं होतं. पावसाळ्याचे चार महिने मला माहेर नव्हतं. राखी नाही, पोळा नाही, महालक्ष्म्या नाहीत.

पण केवळ माझ्यासाठी त्यानं तशी नाव आपल्या नदीवर आणायचं डोक्यात घेतलं, असं म्हणणं खोटं होईल. नोकरी सोडून तो गावी आला त्या वर्षी आमच्या गावची एक अडलेली बाळंतीण खाटेवर घालून काठाशी आणली होती. समोर दादा औषधांची पेटी घेऊन उभा, मधे पूर. दोन दिवस ती खाट काठावर होती. तिसऱ्या दिवशी नुसती खाट परत आली. त्यानंतर दादानं नदीवर रोजची नाव चालवायच्या परवान्यासाठी पहिला अर्ज लिहिला.

मग किती अर्ज झाले देव जाणे. वऱ्हाडातली कचेरी म्हणे, नदीचा अर्धा भाग आमचा नाही, पलीकडून ना-हरकत आणा. मोगलाईतली म्हणे, अर्ज उर्दूत पाहिजे. तो उर्दूत करून नेला, तर म्हणे, आधी इंग्रजी सरकारचा परवाना दाखवा. साहेब दौऱ्यावर, कारकून रजेवर, कागद वर पाठवला, कागद खाली आला. बैलगाडीनं जायचं, वऱ्हाडातल्याच मालेगावला मुक्काम करायचा, पुढच्या कचेरीच्या ओट्यावर दिवस काढायचा, उद्या या ऐकून परत यायचं. त्याचा आवाज चिडका झाला. जेवताना मध्येच उठून तो कागद शोधू लागे. वहिनीनं कधी मीठ कमी पडलं म्हटलं तरी त्याला ती कचेरीबद्दल बोलते असं वाटे.

शेवटी त्यानं गावच्या सुताराकडून सागवानाची नाव करून घेतली. वीस माणसं बसतील अशी, दोन्ही बाजूंना बाकं असलेली. आम्ही दोन्ही गावांनी तिला हळदकुंकू लावलं. पहिल्याच खेपेला आमच्या काठावरच्या नाकेदारानं ती परतवून लावली. परवान्यावाचून ही नाव काठाला टेकली तर जप्त करीन, म्हणाला. सखारामच्या डोंग्याकडं मात्र तो काणाडोळा करायचा.

गेल्या वैशाखात नदी गुडघाभर होती. दादा चालत माझ्याकडं आला, तीच आमची शेवटची भेट. मी त्याच्यापुढं आंब्याचा रस ठेवला आणि त्याच्याशी भांडले. "डोंगा चालते, मंग नाव काहून नाही?" मी म्हटलं. "लोटून दे पाण्यात. त्या नाकेदाराले दोन्ही गावं पाहून घेतीन."

"डोंगा चोरून चालते, यमू," तो म्हणाला. "चोरून चालणाऱ्याले वेळ नसते. आज येते, उद्या येत नाही. मले रोज येणारी नाव पाह्यजे."

"तुले कागद पाह्यजे. तू कागदाले भुलला."

त्यानं वाटी खाली ठेवली. रस अर्धा तसाच राहिला. "असंन," एवढंच म्हणून तो उठला. मी त्याला काठापर्यंत पोचवायलाही गेले नाही... आजही वाटतं, त्यानं माझं ऐकलं असतं, नाकेदाराला न जुमानता एकदा नाव लोटली असती, तर मी त्या दिवशी पलीकडं असते. कचेऱ्यांवरचा राग फिरून फिरून असा दादावर येतो. मग माझी मलाच लाज वाटते.

पाणी उतरल्यावर सखारामनं मला पलीकडं नेलं. अंगणात नाव पालथी पडली होती, तिच्या फळ्यांत बोट जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या. दादाच्या खोलीत वहिनीनं काहीच हलवलं नव्हतं. चष्मा, दौत, टाक, सुतळीनं बांधलेले गठ्ठे. सगळ्यांत वर वऱ्हाडातल्या कचेरीचा एक न फोडलेला लिफाफा होता. "दहाव्यानंतर आला," वहिनी म्हणाली. "मले वाचता येत नाही. वाचा ना बाई."

अर्जदारानं जातीनं हजर राहून नदीच्या हद्दीचा दाखला सादर करावा, असं त्यात लिहिलं होतं.

"काय म्हणतेत?"

"दादाले बलावलं."

वहिनी उंबऱ्यावर बसली. अंगणातल्या नावेकडं पाहत म्हणाली, "मंग सांगून टाका त्याहिले."

मी दादाच्या जागेवर बसले. दौतीतली शाई वाळली होती, तिच्यात थोडं पाणी घातलं. लिहिणं-वाचणं मला त्यानंच शिकवलं होतं, पण सरकारला कधी लिहिलं नव्हतं. दोनच ओळी लिहिल्या. अर्जदार मयत आहे. अर्ज मागे घेतलेला नाही. खाली माझं नाव घातलं, आणि पत्ता माझ्या सासरचा, मोगलाईच्या काठाचा दिला. तो त्या कचेरीच्या हद्दीत येत नाही, हे मला ठाऊक आहे. मुद्दामच दिला, त्यांच्या उत्तरालाही ही नदी ओलांडावी लागावी म्हणून.