खंडेनवमीचा डाग

कॉलेजची छऱ्याची बंदूक नेमबाजीच्या सरांनी मला दसऱ्याच्या सुट्टीत सरावासाठी घरी नेऊ दिली, तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, आणि नेमबाजी म्हणजे काय हे समजावून सांगायलाही मला घरी अर्धा तास लागला होता. बंदूक जुनी होती, कोणीतरी भेट दिलेली. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, मेपल नावाच्या परदेशी लाकडाचा, फिकट, सायीच्या रंगाचा. गाल टेकतो तिथलं पॉलिश घासून गेलं होतं. सर एवढंच म्हणाले होते, "जपून. स्पर्धेला हीच आहे आपल्याकडे."

खंडेनवमीला बाबांनी विळा, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचे पाने मांडले आणि मधोमध बंदूक ठेवली. मी तेव्हा विहिरीवर होते. परत आले तर दस्त्याला तेलाचा हात फिरवून वर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढलेली. बाबा इतके खूश होते की मी काही बोलले नाही. संध्याकाळी पुसायला गेले, तर पॉलिश गेलेल्या जागी तेलासोबत रंग लाकडात मुरला होता. घाबरून मी कपड्यांच्या साबणाने घासलं. पिवळा डाग लालभडक झाला.

मग मात्र बाबांना सांगावं लागलं. "तुले टीममधून काढतीन काय?" त्यांनी विचारलं. मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी बंदूक चादरीत गुंडाळून आम्ही मोटरसायकलवर आर्णीला गेलो. तिथे जुन्या फर्निचरला पॉलिश करणारे एक चाचा आहेत. बाबांची त्यांच्याशी बैलगाडीच्या काळापासूनची ओळख.

चाचांनी दस्ता उजेडात धरला. "साबण कोणं लावला?"

"मीच."

"काहून?"

"मले वाटलं निघन."

"हळदीले साबण लागला का ते लाल होते, हे कोणतीही कपडे धुणारी बाई सांगते. काय शिकून राह्यली तू?"

"बी.एस्सी.," मी म्हणाले. हळदीचा हाच प्रयोग मी शाळेत वहीत चित्रासकट लिहिला होता. बाबा दुसरीकडे बघू लागले, बहुतेक हसू लपवायला.

चाचांनी स्क्रू काढून दस्ता वेगळा केला, उरलेलं पॉलिश खरवडलं, लिंबाच्या रसाचा हात दिला आणि तो टिनाच्या छपरावर ठेवला. "हळद उन्हात टिकत नाही," ते म्हणाले. दोन दिवसांनी गेलो तर पिवळा आणि लाल दोन्ही उडाले होते. कुंकवाचा फिकट गुलाबी डाग तेवढा उरला होता.

"काळपट रंग मारला त कोणाले दिसणार नाही," चाचा म्हणाले. "पण मग हे लाकूडच दिसणार नाही. तू सांग."

मी बाबांकडे बघितलं. ते म्हणाले, "तुह्या सरले तू तोंड दाखवणार. तूच सांग."

हलकाच रंग द्या, असं मी म्हणाले. हे लाकूड सगळीकडे सारखा रंग पीत नाही, कुठे गडद, कुठे फिकट होतं, म्हणून चाचांनी आधी लाखेचा पातळ हात दिला. मग बोळ्याने मधासारखा रंग, आणि पुन्हा लाख, थर सुकू देत, अगदी सावकाश. गुलाबी खूण नीट बघितल्यावरच दिसत होती.

कॉलेज उघडल्यावर मी सरांना दस्ता दाखवला आणि सगळं सांगितलं, साबणाचंही. त्यांनी बंदूक खांद्याला लावून बघितली. "मला न विचारता हे करायला नको होतं," ते म्हणाले. मग त्यांनी छऱ्यांची डबी माझ्यापुढे सरकवली. "पण गालाला आता टोचत नाही. जा, सरावाला उभी राहा."

दुपारी मी घरी फोन केला.

"रागावले?" बाबांनी विचारलं.

"थोडेसे. पण टीममध्ये आहे मी."

पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मला त्यांचे आभार मानायचे होते. मला कोणी काही सोपवलं, याचा बाबांइतका आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही. पण आमच्याकडे आभार कसे मानतात ते मला अजून कळलेलं नाही.

"चाचाले सांगून देतो," ते म्हणाले. "इचारून राह्यले होते दोनदा."