भिंतीआडचे गणपतमामा

तमाम मराठवाडावासीयांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, माणूस पारखण्याचे एकमेव खात्रीशीर साधन म्हणजे छोटी हातोडी. हा शोध कंधारच्या गणपतमामांचा. साखर कारखान्यात मी स्टोअरकीपर म्हणून रुजू झालो, त्या दिवशी बॉयलरमागून हे हडकुळे गृहस्थ आले, माझ्या हेल्मेटवर टक् करून हातोडी मारली आणि कान देऊन म्हणाले, "रिकामं हाय. चांगलं हाय, भरता यील."

मामा भट्टीच्या अस्तराचे मिस्त्री. बॉयलरच्या भट्टीला आतून आग सोसणाऱ्या सिमेंटचा जाड थर देतात. तो ढासळू नये म्हणून आधी पोलादी पत्र्यावर व्हीच्या आकाराचे अँकर वेल्ड करतात. सिमेंट त्यांना धरून राहते. वेल्डिंग झाले की मामा एकेका अँकरवर हातोडी मारत. टण्ण वाजला की पुढे. थप्प वाजला तर, "ह्यो पाव्हना हाय, घरचा न्हाई. काढा!"

शेजारच्या दोन अँकरांची तोंडे ते कधी एका दिशेला ठेवू देत नसत. "भावकीवानी बसवा. याचं त्वांड इकडं, त्याचं तिकडं. समदे एका तोंडाचे झाले की भेग सरळ पळती."

ठोकायची सवय अशी मुरलेली की बाजारातली टरबुजे, एसटीचा पत्रा, देवळाचा खांब, काहीच सुटले नाही. लेकीला बघायला मुलगा आला तेव्हा मामींनी हातोडी धान्याच्या कणगीत लपवली होती.

दुखणे एकच. सिमेंट ओतले की अँकर गडप, पुन्हा कुणाला दिसायचे नाहीत. एकदा मामींना दाखवायचे म्हणून त्यांनी कंधारहून बोलावून घेतले. बस रखडली आणि त्या पोचेपर्यंत थर देऊन झाला होता. मामींनी भट्टीच्या दारातून डोकावून पाहिले.

"ह्येच्यासाठी आनलं व्हय? भित तर आपल्या घरीबी हाय!"

आम्ही सगळे हसलो. मामाही हसले, पण मग बराच वेळ हातोडी उगाच पुसत बसले.

भट्टी पेटली त्या दिवशी हारतुरे पाहुण्यांना. मी चिडलो, तर मामाच मला समजावू लागले, "सायब, आमचं काम दिसलं म्हंजी बिघडलं." मग धुराड्याकडे बघत हळूच म्हणाले, "पर कुनीतरी बगून कायतरी बोलाया पायजे व्हतं."

मामा गेले. तेव्हापासून माझे हेल्मेट कुणी वाजवत नाही. आता ते भरले की अजून रिकामेच आहे, हे विचारायचे कुणाला?

यंदा कारखान्याने मोठा बॉयलर घ्यायचे ठरवले आणि जुनी भट्टी तोडायला लातूरहून टोळी आली. सकाळपासून ब्रेकर धडधडत होता. वरच्या खपल्या निघत, पण पत्र्याला धरून बसलेले सिमेंट हटत नव्हते. मी आत डोकावलो. धुळीतून अँकर दिसू लागले होते, एकाचे तोंड इकडे, दुसऱ्याचे तिकडे. भावकी शाबूत होती. मी सवयीने मागे वळलो. मामा जिथे उभे राहत, तिथे कुणी नव्हते.

तेवढ्यात एका गड्याने ब्रेकर खाली आपटला, घाम निपटला आणि त्या भिंतीकडे बघत ओरडला,

"कोन्या बेण्यानं बसवलंय रं ह्ये? सोडंचना की!"