एकोणीस पाटलांचे अर्ज

मी तापट माणूस. आजही आहे, आणि बाविसाव्या वर्षी तर विचारूच नका. त्या वयात महाराजांच्या राज्यात मला पहिली नोकरी लागली, ती गावच्या पाटलांना शिकवायची. पाटलानं पंचनामा आपल्या हातानं लिहावा, आलेला हुकूम आपण वाचावा, दर वेळी कुलकर्ण्याच्या तोंडाकडं बघत बसू नये, अशी दरबाराची इच्छा. म्हणून खेड्यापाड्यांतले एकोणीस पाटील कोल्हापुरात आणून बसवले आणि त्यांच्यापुढं मला उभं केलं. सगळे माझ्याहून वयानं मोठे. पटके बांधून, मिशांना पीळ देऊन बसायचे. बाकं मात्र पोरांची होती.

माझी नेमणूक सहा महिन्यांची होती. शेवटी कचेरीतले अंमलदारसाहेब वर्गाबद्दल शेरा लिहिणार, आणि त्यावर मी कायम होणार, नाहीतर मंगळवार पेठेतल्या घरी जाऊन बसणार. घरात मिळवता मी एकटाच, वर आईचं दुखणं. त्या शेऱ्यापायी माझा जीव टांगणीला लागला होता.

पाटलांत सगळ्यांत वडील एक होते, साठीला टेकलेले. त्यांना सगळे थोरले पाटील म्हणायचे. हुकूम वाचायला लावला की एकेका अक्षरापाशी थांबायचे. एकदा वर्ग सुटायची वेळ झाली, तरी हे दुसऱ्याच ओळीवर. माझं डोकं सटकलं. मी कागद ओढून घेतला आणि त्यांच्याच आवाजात, तसंच अडखळत ती ओळ वाचून दाखवली. वर्ग खो खो हसला. मीही हसलो. थोरल्या पाटलांनी हात पुढं केला. कागद परत मागून घेतला आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवला.

त्याच आठवड्यात अर्ज लिहिण्याचा पाठ आला आणि मला एक युक्ती सुचली. मी फळ्यावर लिहिलं : 'या वर्गात शिकताना काय अडचण येते, मास्तरांचं कुठं चुकतं, ते अर्जाच्या रूपानं लिहून आणा.' म्हटलं, सरावही होईल आणि बरे निघाले तर अर्ज साहेबांपुढं ठेवता येतील. खरं सांगतो, शिकवणं सुधारायचं माझ्या मनातसुद्धा नव्हतं. मला स्तुती पाहिजे होती.

चार दिवसांनी अठरा अर्ज आले. बाकावर मांड्या मावत नाहीत. पाण्याच्या घागरीवर झाकण नाही. मधे तंबाखूपुरती सुट्टी असावी. माझ्याबद्दल मात्र सगळ्यांचं एकच : मास्तर उत्तम शिकवितात, तक्रार नाही. एका तरुण पाटलानं तर अर्धं पान माझी तारीफ केली होती. मी घरी जाऊन आईला सगळे अर्ज वाचून दाखवले. तिलाही बरं वाटलं.

एकोणिसावा अर्ज थोरल्या पाटलांचा, तो आलाच नाही. तेही दोन दिवस वर्गात दिसले नाहीत. मी त्या तरुण पाटलाला विचारलं.

"त्ये व्हय? त्ये गेलं की कचेरीत, अर्ज घिऊन."

"कचेरीत? अहो, तो सराव होता!"

"आता अर्ज लिवला म्हंजे द्याला नगं व्हय? चार दिस खपून लिवलाय त्येनी."

आमच्या राज्यात कुणाही माणसाचा अर्ज कचेरीत घेतला जायचा आणि वाचलाही जायचा. नक्कल केल्याचं त्यात असणार, ते हसणं असणार. मेलो, म्हटलं. त्या म्हाताऱ्याचा असा राग आला मला! म्हणजे चूक माझी आणि संतापही माझाच.

दुसऱ्याच दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. त्यांनी मला बसवून घेतलं आणि अर्ज वाचायला सुरुवात केली.

"अर्जदार विनंतीपूर्वक कळवितो की, मास्तर शिकवण्यात कसूर करीत नाहीत. दोष अर्जदाराच्या अकलेचा आहे. अर्जदार वाचू लागला म्हणजे वर्गाचा वेळ मोडतो व मंडळींस हसू येते. सबब अर्जदारास वर्गातून मोकळे करावे व पाटीलकीचे काम पुतण्याकडे द्यावे."

साहेबांनी कागद माझ्याकडं सरकवला. अक्षर थरथरतं, पण एक चूक नाही.

"अर्ज झकास लिहिलाय. तुमचं शिकवणं दिसतंय," साहेब म्हणाले. "मंजूर करून टाकू. तुमचा शेराही मग चांगलाच लिहितो."

खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. सुटलो! साहेबांनी टाक दौतीत बुडवला, तरी मी गप्पच होतो. मग 'मंडळींस हसू येते' या शब्दांवर माझी नजर गेली. मंडळींना हसवलं कुणी, ते त्यात नव्हतंच. माझ्या एका नकलेपायी तो माणूस पाटीलकी सोडायला निघाला होता, आणि वर मला चांगलं म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, थांबा," मी म्हणालो. "अर्जात एक गोष्ट राहिलीय." आणि सगळं सांगितलं.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "हे मला शेऱ्यात लिहावं लागेल," ते म्हणाले.

"लिहा."

"आठ दिवस हा अर्ज मी असाच ठेवतो. त्यांना घेऊन या."

बिद्रीच्या वाटेवर त्यांचं गाव, अर्ज देऊन ते तिकडंच परतले होते. रविवारी पहाटे बैलगाडीनं निघालो, पोचायला दुपार झाली. थोरले पाटील उसाला पाणी पाजत होते. मला बघून बांधावर आले, गूळपाणी दिलं.

"पाटील, अर्जात माझी तक्रार का नाही केलीत?"

"करून काय करू? तुमची नोकरी गेली असती की."

"पण मी वाईट वागलो."

"व्हय, वागला," ते सरळ म्हणाले. "लई लागलं मला. त्या दिशी घास गिळंना."

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर मागं सरले. "ह्ये नगं. परत हसशीला का, तेवढं सांगा."

"नाही हसणार."

"मग येतो. आनि आनखी एक, मास्तर. तुमी फळ्याकडं तोंड करून बोलू नगासा. मला ऐकू कमी येतंय. तुमचं तोंड दिसलं म्हंजे निम्मं कळतंय."

चार महिन्यांत माझ्या शिकवण्याबद्दल कुणी खरं बोललेलं ते पहिलं वाक्य. माझ्या अठरा अर्जांत ते नव्हतं. कसं असणार? ते अर्ज वाचणारा मीच होतो.

सोमवारी थोरले पाटील पहिल्या बाकावर येऊन बसले. मी फळ्याला पाठ केली आणि पंचनाम्याचं एक कलम त्यांच्याकडं बघत समजावलं. त्यांनी हात वर केला.

"मास्तर, थांबा. ह्ये मला कळलं न्हाय."

कुणी हसलं नाही. मी परत सांगितलं. तरी त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा, अगदी हळू सांगितलं, तेव्हा म्हणाले, "हां, आता कळलं."

मी पुढच्या कलमाकडं वळणार, एवढ्यात मागच्या बाकावरून तो तरुण पाटील उठला. माझी अर्धं पान तारीफ करणारा.

"मास्तर, मला अजून न्हाय कळलं. म्हागचं बी न्हाय."

"मला बी न्हाय," तिसरा म्हणाला. मग चौथा. मग मी मोजायचं सोडलं.

साहेबांच्या शेऱ्याला दोन महिने उरले होते. मी फळा पुसला आणि पहिल्या पाठापासून सुरुवात केली.