भाईंच्या पायाचं माप

राजकारण्याच्या दारात दोनच गोष्टींचा ढीग पडतो, चपलांचा आणि किश्शांचा. पद गेलं की चपला जातात. किस्से मात्र जाता जात नाहीत! आमच्या भाईंचंही तसंच झालं. गोव्यातल्या साखळी गावच्या बसस्टँडवर भाषणं ठोकता ठोकता हा माणूस पक्षाचा राष्ट्रीय अध्यक्ष झाला, आणि त्यांचा पीए म्हणून मीही दिल्ली पाहून आलो.

*

कारापूरच्या पुढे आमचा गाव. गावाची सीम राखणदार देव राखतो, रोज रात्री पायी फेरी मारतो, असं सगळे मानतात. म्हणून दर जत्रेला त्याला चामड्याच्या नव्या वहाणा. माप मानकऱ्याच्या पायाचं, म्हणजे भाईंचं. वर्षाने काढाव्यात तर तळ झिजलेले! गावाला त्याचं नवल नाही. मला नवल डाव्या टाचेचं. तीच जास्त झिजायची. भाई लहानपणी काजूच्या झाडावरून पडले, तेव्हापासून डावा पाय ओढत चालायचे.

*

दिल्लीत कार्यकारिणीची बैठक. भाईंनी सवयीने टेबलाखाली बूट काढले. शेजारचे नेते वाकून म्हणाले, "अध्यक्षजी, मोज्यांना लाल माती?"

महिनाभर आम्ही दिल्लीबाहेर पडलो नव्हतो. भाई शांतपणे म्हणाले, "गावची आहे. सोडत नाही!"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

*

एका जत्रेला प्रचाराच्या धामधुमीत भाईंना येता आलं नाही. गावच्या घरी ड्रायव्हर रामा होता, दोडामार्गचा. त्याने डोकं चालवलं आणि स्वतःच्याच पायाचं माप देऊन टाकलं!

थोड्या दिवसांनी त्याचा फोन. "साहेबानू, मी गाडी चलयतंय, चलणंय नाय. तरी पायांक फोड इले!"

भाईंनी फोन माझ्याकडून घेतला. "माप तुझा दिलंस, मगे चलूक दुसरो कोण येतलो?"

लगेच विमानाने येऊन त्यांनी आपल्या मापाच्या वहाणा वाहिल्या. रामाचे फोड बसले.

*

मग अध्यक्षपद गेलं. फोन थांबले. त्यात अर्धांगाचा झटका आला आणि भाई खाटेला खिळले. जत्रा जवळ आली तसे गावकरी आले, चाचरत म्हणाले, "भाई, औंदा नव्या आमदाराचा माप घेवया?"

भाईंच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच पाहिलं. "दिल्ली गेली, माका काय वाटूक नाय. ह्यां माप तेवढा नेव नकात."

रामाने त्यांचा सुजलेला पाय पुठ्ठ्यावर धरला, मी पेन्सिल फिरवली. वहाणा त्याच मापाच्या झाल्या.

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि रामा चहा घेऊन गेलो. भाई उशीला टेकून आमचीच वाट बघत होते. आवाज जुना, अध्यक्षांचा. "मामलेदाराक फोन लाव. व्हाळाकडच्या वाटेर गेट कोणी घातल्यान?"

ओढ्याच्या त्या वाटेवर गेट परवाच बसलं होतं. भाईंना ते कोणीही सांगितलं नव्हतं.

"उघडून घे आधी. काल माका व्हाळातसून जावचा लागला."

रामा त्यांच्या पायांवरची चादर सरळ करायला वाकला, आणि तसाच थांबला. चादरीचं टोक ओलं होतं. डाव्या बाजूला जास्त.